सांधे आधी की फुप्फुसं? कॅप्लन यांच्या १९५३च्या निबंधाची गोष्ट

पीएचडीला नाव नोंदवण्याआधी पेपर वाचायची सवय लावा, असं सगळे सांगतात. कोणते पेपर, ते मात्र कुणी सांगत नाही. माझं मत विचाराल तर गेल्या दोन वर्षांतले दहा पेपर वाचण्याआधी एक सत्तर वर्षांपूर्वीचा वाचा. जुन्या पेपरमध्ये माणूस काय पाहतो, कुठे अडखळतो, काय गृहीत धरतो हे उघड दिसतं. आजच्या पेपरमध्ये ते सगळं पद्धतीच्या परिच्छेदाखाली पुरलेलं असतं.

आज अशाच एका जुन्या पेपरबद्दल सांगतो. विषय आहे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे ज्याला आपल्याकडे बहुतेक वेळा आमवात म्हणतात तो, आणि त्या रुग्णांची फुप्फुसं. पुढे सोयीसाठी 'आरए' म्हणतो.

आरए म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बोटं येतात. सुजलेले सांधे, सकाळी उठल्यावर तासभर न वळणाऱ्या मुठी. पण हा आजार सांध्यांपुरता थांबत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, आणि त्यात फुप्फुसंही सापडतात. कधी फुप्फुसाच्या आवरणात पाणी होतं, कधी गाठी येतात, कधी श्वासनलिकांचे फाटे खराब होतात. सगळ्यात वाईट म्हणजे फुप्फुसाची जाळी हळूहळू घट्ट, जाड होत जाते. त्याला आयएलडी म्हणतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर भागातल्या रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात आरए असलेल्या माणसाला आयुष्यात कधीतरी आयएलडी होण्याची शक्यता ७.७ टक्के निघाली, आणि आरए नसलेल्याला ०.९ टक्के. त्याच अभ्यासात आयएलडीचं निदान झाल्यानंतर निम्मे रुग्ण तीन वर्षंही जगले नाहीत. म्हणजे ही बाजूची गोष्ट नाही. आरएच्या रुग्णाचा जीव ज्या कारणांनी जातो, त्यातलं हे एक मोठं कारण आहे.

आता गंमत बघा. आरएचं पहिलं नीट वर्णन १८०० सालचं धरलं जातं, आणि तेही एका पीएचडीसारख्याच प्रबंधात आहे: पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या ऑग्युस्तँ लांद्रे-बोव्हे या तरुण डॉक्टरच्या प्रबंधात. नऊ रुग्ण, सगळ्या बायका. 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव इंग्लंडच्या आल्फ्रेड गॅरॉड यांनी १८५९ मध्ये दिलं. आणि फुप्फुसांचा या आजाराशी संबंध आहे असं ठामपणे मांडणारा, नेहमी उद्धृत होणारा पेपर १९४८चा. एल्मन आणि बॉल या दोघांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तीन रुग्णांची हकीकत दिली. सांधे बिघडलेले आणि क्ष-किरणात फुप्फुसांवर जाळं. त्यांनी शीर्षकातच 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' न म्हणता 'ऱ्हुमॅटॉइड डिसीज' म्हटलं, तेही अवतरणचिन्हात. म्हणजे हा सांध्यांचा आजार नाही, अख्ख्या शरीराचा आजार आहे, आणि सांधे हे त्याचं एक ठिकाण आहे. एक शब्द बदलला की प्रश्न बदलतो, तो असा.

पण तीन रुग्ण म्हणजे किती? त्या काळात क्षयरोग घरोघरी होता. फुप्फुसावर डाग आणि सांधेदुखी एकाच माणसात दिसणं हा निव्वळ योगायोगही असू शकतो, हा आक्षेप रास्तच होता. १९५५ मध्ये बायवॉटर्स आणि सहकाऱ्यांनी आरएच्या रुग्णांची छातीची चित्रं इतर रुग्णांच्या चित्रांशी ताडून पाहिली, तर सांगण्यासारखा फरक हाती लागला नाही. (साधं क्ष-किरण चित्र आयएलडी पकडायला किती कमी पडतं, हे उच्च क्षमतेचं सीटी स्कॅन आल्यावर, म्हणजे १९८०च्या पुढे कळलं. साधनाला दिसत नाही म्हणजे गोष्ट नाहीच, असं लिहिण्याची घाई तुम्हीही कधीतरी कराल. आम्ही सगळ्यांनी केली आहे.)

या गोंधळाच्या मधोमध, १९५३ साली, अँथनी कॅप्लन यांचा पेपर येतो.

कॅप्लन कुठे काम करत होते, ते आधी बघायला हवं, कारण पेपरचा अर्धा अर्थ तिथेच आहे. साउथ वेल्स हा कोळशाचा मुलूख. अरुंद दऱ्या, दरीच्या तळाशी खाण, उतारावर कामगारांच्या घरांच्या रांगा. कोळशाची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून आत गेली की फुप्फुस काळं पडतं, कडक होतं. या आजाराला न्यूमोकोनिओसिस म्हणतात. फार काळ मालकवर्गाचं आणि बऱ्याच डॉक्टरांचं म्हणणं असं की दगडाची, म्हणजे सिलिकाची धूळ वाईट, कोळशाच्या धुळीने काही होत नाही. खाणकामगारांच्या संघटना त्यावर वर्षानुवर्षं भांडल्या. शेवटी १९४३ मध्ये कोळशाच्या धुळीने होणारा आजार नुकसानभरपाईला पात्र ठरला. १९४८ पासून नव्या विमा कायद्याखाली हे दावे तपासायला वैद्यकीय मंडळं नेमली गेली. कार्डिफच्या अशाच मंडळावर कॅप्लन डॉक्टर होते.

म्हणजे त्यांच्यासमोर येणारा माणूस रुग्ण म्हणून यायचा नाही, दावेदार म्हणून यायचा. छातीचं चित्र काढायचं, तपासायचं, आणि ठरवायचं की धुळीने फुप्फुस बिघडलंय का, किती बिघडलंय. त्या निर्णयावर घरातली चूल अवलंबून. मंडळासमोर प्रश्न फुप्फुसांचा होता. सांधे त्या चौकटीत नव्हते. हाताची बोटं वाकडी झाल्यामुळे ज्याला फावडं धरता येत नव्हतं, त्याचीही मोजणी छातीवरूनच व्हायची.

अशी चित्रं पाहता पाहता कॅप्लन यांना काही चित्रं वेगळी वाटली. न्यूमोकोनिओसिस पुढे गेला की साधारणपणे फुप्फुसाच्या वरच्या भागात मोठे, वेडेवाकडे काळसर-पांढरे गोळे तयार होतात, आणि भोवतालचं फुप्फुस बारीक ठिपक्यांनी भरलेलं असतं. इथे मात्र अर्धा ते पाच सेंटीमीटरच्या गोल, ठळक कडा असलेल्या सावल्या होत्या, दोन्ही फुप्फुसांत विखुरलेल्या, पुष्कळदा कडेच्या भागात. आणि पार्श्वभूमीवर धुळीचे ठिपके जेमतेम. धूळ कमी, गाठी जास्त. काही जणांत या गाठी थोड्याच काळात उगवलेल्या. पहिल्या नजरेला कुणीही म्हणेल: क्षय, नाहीतर दुसरीकडून पसरलेला कर्करोग. असं निदान ऐकून घरी गेलेल्या माणसाच्या रात्री कशा गेल्या असतील, त्याची कल्पना करा.

ज्यांची चित्रं अशी होती त्यांच्या हातांकडे कॅप्लन यांनी पाहिलं, आणि तिथे आरए होता. मग उलट बाजूनेही बघितलं. मंडळासमोर आलेले, आरए असलेले ५१ खाणकामगार त्यांनी गोळा केले. त्यातल्या १३ जणांच्या छातीत हेच विशिष्ट चित्र होतं. हा पेपर 'थोरॅक्स' या नियतकालिकात आला. पुढे या जोडीला 'कॅप्लन सिंड्रोम' असंच नाव पडलं.

इथे थांबा. तुम्ही संशोधक होऊ पाहताय, तर इथे तुमच्या मनात एक शंका यायलाच हवी. नसेल आली तर परिच्छेद पुन्हा वाचा.

शंका ही: हे ५१ जण आले कुठून? मंडळाकडून. मंडळाकडे कोण जातं? ज्याला छातीचा त्रास आहे आणि ज्याला पैशांची गरज आहे तो. ज्याचे सांधे गेलेत, ज्याचं काम सुटलंय, त्याला दावा करायचं कारण इतरांपेक्षा जास्त. मग सांधे आणि छाती या दोन्ही तक्रारी असलेली माणसं तिथे आपसूकच जास्त जमणार. दोन्हींचा एकमेकींशी काडीचा संबंध नसला तरीही!

हे पटत नसेल तर एक काल्पनिक गाव घ्या. हजार माणसं. शंभर जणांना खोकला, शंभर जणांना गुडघेदुखी, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, म्हणून दोन्ही असलेले दहा. गावात खोकणाऱ्यांपैकी १० टक्क्यांचे गुडघे दुखतात. आता धरा, खोकल्यासाठी दवाखान्यात जाण्याची शक्यता २० टक्के, गुडघ्यासाठी ५० टक्के. फक्त खोकला असलेल्या ९० जणांतले १८ जातील. दोन्ही असलेला माणूस कोणत्याही एका कारणाने जाऊ शकतो, त्यामुळे त्याची शक्यता ६० टक्के, म्हणजे दहातले ६. दवाखान्यात खोकणारे झाले २४, त्यात गुडघेदुखीवाले ६. पंचवीस टक्के! गावात दहा, दवाखान्यात पंचवीस. तुम्ही दवाखान्यात बसून खोकला आणि गुडघ्यांचा 'संबंध' शोधून काढलात, पेपर लिहिलात, आणि तो संबंध कुठेच नाही. जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्ये हाच सापळा दाखवला होता, त्याला त्यांचंच नाव आहे. रुग्णालयातल्या नोंदींवर प्रबंध करणार असाल तर हे गणित वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मग कॅप्लन यांचं म्हणणं टिकलं कसं? दोन कारणं. पहिलं मला जास्त आवडतं. त्यांनी फक्त 'आरए असणाऱ्यांत फुप्फुसाचा आजार जास्त' एवढंच म्हटलं नव्हतं. त्यांनी सावलीचा *आकार* दाखवला होता. दावेदारांच्या निवडीमुळे आकडा फुगतो, पण त्यामुळे सावल्या गोल होत नाहीत, आणि पार्श्वभूमीची धूळ कमी होत नाही. बघण्यातली बारकाई कधीकधी मोजण्यातल्या चुकीपासून वाचवते. नेहमी नाही, पण इथे वाचवलं.

दुसरं कारण म्हणजे आर्ची कॉक्रन. हो, 'कॉक्रन रिव्ह्यू'मधलेच. तेव्हा ते कार्डिफजवळच्या लँडॉक रुग्णालयातल्या न्यूमोकोनिओसिस संशोधन केंद्रात होते. त्यांचा हट्ट असा की दवाखान्यात बसून लोकसंख्येबद्दल बोलू नये. दरीत जावं, घरोघर जावं, सगळ्यांना मोजावं. १९५०च्या सुमारास त्यांनी ऱ्होंडा वाख या दरीत जवळपास अख्ख्या प्रौढ वस्तीची छातीची चित्रं काढायचा घाट घातला. नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक आले. आपल्याकडे गणपतीच्या वर्गणीलाही इतके लोक दार उघडत नाहीत. खाणकामगारांची संघटना सोबत होती, आणि स्थानिक माणसं सर्वेक्षणात कामाला होती, म्हणून हे जमलं.

कॉक्रन यांचा मूळ प्रश्न वेगळाच होता: धुळीने भरलेल्या फुप्फुसात क्षयाचे जंतू शिरल्यामुळे ते मोठे गोळे बनतात का? त्याला हवं तसं ठोस उत्तर मिळालं नाही. पण हातात एका दरीतल्या सगळ्यांची चित्रं होती. विल्यम मायल, कॅप्लन, कॉक्रन आणि सहकाऱ्यांनी त्यातून 'ती' विशिष्ट चित्रं असलेली माणसं वेगळी काढली, तुलनेसाठी दुसरी घेतली, आणि सगळ्यांचे सांधे तपासले. हाही पेपर १९५३चाच. संबंध टिकला: गोल सावल्या असलेल्यांत आरए कितीतरी जास्त होता. इथे भाजक दावेदारांचा नव्हता, दरीचा होता.

पण याच दरीतून दुसरं उत्तरही आलं. १९५५ मध्ये मायल यांनी पुरुषांमधल्या आरएचं प्रमाण मांडलं, तर खाणकामगारांत एकूण आरए इतरांपेक्षा जास्त असल्याचं दिसलं नाही. निष्कर्ष असा झाला: धुळीमुळे आरए होत नाही, ज्याला आरए आहे त्याचं फुप्फुस धुळीला वेगळ्या तऱ्हेने उत्तर देतं. आधी सांधे, मग फुप्फुसं.

त्याच वर्षी कार्डिफचे विकृतिशास्त्रज्ञ जेथ्रो गॉफ यांनी या गाठी कापून दाखवल्या. गॉफ यांनी अख्ख्या फुप्फुसाचा पातळ काप कागदावर चिकटवायची पद्धत बसवली होती. भिंतीवर चित्र लावावं तसं फुप्फुस समोर धरता येतं. गाठींच्या मध्यभागी मेलेली ऊती, भोवती दाहाच्या पेशींचा पट्टा, आणि धूळ वर्तुळावर वर्तुळ अशी साचलेली, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी. आरएच्या रुग्णांच्या कोपरावर कातडीखाली गाठी येतात, त्यांची आणि या गाठींची ठेवण जुळत होती.

आता या कथेतला माझा सर्वात आवडता भाग, ज्याकडे बराच काळ कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही.

आरएसाठी रक्ताची एक चाचणी तोवर आली होती. नॉर्वेच्या एरिक वालर यांना १९४० मध्ये दिसलं होतं की आरएच्या रुग्णाचा रक्तद्रव मेंढीच्या लाल पेशींचे विशिष्ट परिस्थितीत गोळे करतो. १९४८ मध्ये अमेरिकेत हॅरी रोझ यांना तेच स्वतंत्रपणे सापडलं. आज आपण लॅबमध्ये 'आरए फॅक्टर' म्हणून जे करून घेतो त्याची ही सुरुवात. १९६२ मध्ये कॅप्लन आणि सहकाऱ्यांनी ही चाचणी खाणकामगारांवर वापरली, आणि फक्त आरए असलेल्यांवर नाही. छातीत तशा गाठी आहेत पण सांधे ठणठणीत आहेत, अशांवरही. त्यांच्यातल्या पुष्कळांच्या रक्तात तो घटक सापडला. काहींच्या बाबतीत तर छातीतल्या गाठी आधी आल्या आणि सांधे नंतर सुजले.

म्हणजे फुप्फुसं आधी, सांधे मग.

तेव्हा यावर तोडगा असा निघाला की 'कॅप्लन सिंड्रोम'ची व्याख्या रुंद करू, सांधेदुखी नसली तरी चालेल. पेपरच्या शीर्षकातच तसं म्हटलंय. तोडगा वाईट नव्हता. पण एखाद्या निरीक्षणाला व्याख्येत सामावून घेतलं की ते बोचायचं थांबतं. 'हा माणूस अजून आरएचा रुग्ण नाही, तरी त्याच्या फुप्फुसात आरए आहे' हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. त्यातला प्रश्न पुढची चाळीस वर्षं जवळजवळ तसाच पडून राहिला.

२००३-०४च्या सुमारास स्वीडन आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी रक्तपेढ्यांतलं साठवलेलं रक्त तपासलं. पुढे ज्यांना आरए झाला त्यांच्या रक्तात सांधे दुखायला लागायच्या काही वर्षं आधीच आरएची प्रतिपिंडं होती. मग ती बनली कुठे? २००६ मध्ये स्वीडनच्या लार्स क्लारेस्कोग यांच्या गटाने मांडलं की सिगरेटच्या धुराने फुप्फुसातली काही प्रथिनं रासायनिक बदल होऊन 'परकी' दिसू लागतात, आणि विशिष्ट जनुकं असलेल्या माणसात प्रतिकारशक्ती त्यांच्यावर उलटते. आज आरएची सुरुवात निदान काही जणांत फुप्फुसात होते, हे मत गंभीरपणे घेतलं जातं. हे सगळं वाचताना मला १९६२चा तो पेपर आठवत राहतो.

आणि मायल यांचं 'धुळीमुळे आरए होत नाही' याचं काय झालं? स्वीडनमधल्या अभ्यासांत दगड-सिलिकाच्या धुळीत काम करणाऱ्या पुरुषांत आरएचा धोका वाढलेला दिसला. २०१९ मध्ये अमेरिकेच्या ॲपलेशिया भागात, कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यात, वयस्क पुरुषांचं सर्वेक्षण आलं; तिथेही खाणकाम आणि आरए यांचा संबंध दिसला. मग मायल चुकले का? इतकं सोपं नाही. एका दरीत आरए असलेले पुरुष मुळातच थोडे. थोड्या आकड्यांत दुप्पट धोकाही सहज लपून जातो. शिवाय आजारी माणूस खाणीत टिकत नाही, तो बाहेर पडतो, दरी सोडून जातो, आणि मोजणीच्या दिवशी घरात नसतो. 'फरक दिसला नाही' आणि 'फरक नाही' यांच्यातलं अंतर मायल यांच्या नंतरच्या लोकांनी पुसून टाकलं, पाठ्यपुस्तकांनी तर हमखास. तुमच्या संदर्भसूचीत असं एखादं 'नाही' आहे का, ते मूळ पेपर उघडून तपासा.

या गोष्टीला औषधांचाही एक मोठा फाटा आहे, तो इथे फक्त स्पर्श करून सोडतो. मेथोट्रेक्सेट हे आरएचं आजचं मुख्य औषध. त्याने क्वचित फुप्फुसाला अचानक सूज येते, हे खरं. त्यावरून आयएलडीचं खापरही बरीच वर्षं त्याच्यावर फुटत राहिलं. गेल्या काही वर्षांतल्या मोठ्या अभ्यासांत मात्र मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांत आयएलडी जास्त आढळला नाही, उलट काहींत कमी आढळला. इथेही सापळा आहेच: ज्याची छाती आधीच शंकास्पद आहे त्याला डॉक्टर हे औषध द्यायला कचरतात, मग औषध घेणारे आपोआप निरोगी छातीचे निघतात. घरात कुणी हे औषध घेत असेल तर माझा लेख वाचून बंद करायला सांगू नका. कोरडा खोकला किंवा धाप नव्याने सुरू झाली तर लगेच डॉक्टरांना दाखवायला सांगा.

आपल्याकडे नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ पट्ट्यात कोळशाच्या खाणी आहेत. तिथे छातीचं चित्र काढतात तेव्हा हात कोण बघतं, आणि सांध्यांच्या ओपीडीत आलेल्या माणसाला 'आयुष्यभर काम काय केलंत?' हे कोण विचारतं? प्रबंधाच्या विषयाच्या शोधात असाल तर हा घ्या.

कॅप्लन यांचा मूळ पेपर 'थोरॅक्स'च्या ८व्या खंडात आहे आणि इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतो. नऊच पानं आहेत. आधी चित्रं बघा, मजकूर झाकून. गोल सावल्या स्वतःला दिसतात का ते पाहा, आणि मगच त्यांनी काय लिहिलंय ते वाचा.